भालेराव सरांची सुकट

आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो भालेराव सरांचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि माझी बहुतेक शिकवणी बदलापूरच्या एका परमिट रूममध्ये झाली. हे आईला सांगायला मला तीन वर्षं लागली.

सर उल्हासनगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. मी दिवसा अंबरनाथच्या कारखान्यात, संध्याकाळी त्यांच्या वर्गात. इंग्रजीत दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा ते म्हणाले, "शनिवारी सहाला ये. पत्ता देतो, पण तोंड वाकडं करायचं नाही."

गेलो, तर सरांपुढे लिंबू सोडा, कांद्यात परतलेली सुकट आणि तांदळाची भाकरी. पंचशील पाळणारा हा माणूस दारूच्या थेंबालाही शिवत नसे.

"मग इथे कशाला, सर?"

"कात्रपला आमच्या सोसायटीत सुकट तव्यावर पडली की सेक्रेटरी बेल वाजवतो. 'सर, वास येतो.' तुझ्या मॅडम होत्या तोवर त्या भांडायच्या. मला नाही जमत." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "इथून बाहेर पडताना लोक बेवडा म्हणतात, त्याचं हसू येतं. वास येतो म्हटलं, की घास उतरत नाही."

त्याच टेबलावर त्यांनी मला अर्ज लिहायला शिकवलं. फी माफीचा, रजेचा, नोकरीचा. "तोंडी बोलणं म्हणजे सोड्याचा बुडबुडा, गड्या. लिहून दे. विनंती एक, कारणं तीन, नाक घासणं शून्य." एकेक अर्ज पाच-पाच वेळा लिहून घेत. मी पास झालो, बढती मिळाली, तरी आमचा शनिवार चुकला नाही.

यंदा एका शनिवारी वेटर महादूने गुळगुळीत नवं मेनूकार्ड ठेवलं. "सर, सुकट बंद. शेठनी फॅमिली रेस्टॉरंट केलंय. पेरी पेरी पनीर आणू?"

"दोनदा का म्हणतात? एकदा म्हणून कुणी खात नाही वाटतं," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "कागद काढ. विषय : सुकट पूर्ववत सुरू करण्याबाबत."

अर्ज घेऊन आम्ही गल्ल्यावर गेलो. सिंधी शेठने तो मन लावून वाचला. "साईं, तुम्ही आपले माणूस. पर क्या है, आता फॅमिली येते. वास येतो ना, सर."

सरांनी अर्ज परत घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला. सोडा तसाच राहिला. पुढचे तीन शनिवार ते आलेच नाहीत. फोन केला की म्हणत, "आता भूकच लागत नाही रे."

घरी या म्हटलं असतं, तर त्यांनी हसून टाळलं असतं. म्हणून लिहून दिलं :

प्रति,
आदरणीय भालेराव सर,

विषय : दर शनिवारी वांगणीस आमच्या घरी सुकट-भाकरी खाण्यास येण्याबाबत.

महोदय,
विनंती एकच, वर लिहिली आहे. कारणे तीन.

एक, आमचे घर सुटे आहे. दाराला बेल नाही, कडी आहे.

दोन, आईला मी सगळे सांगितले आहे. बारमध्ये बसवून पोराला पास करणारा मास्तर तिला एकदा बघायचा आहे.

तीन, ती सुकट परतते तेव्हा खिडक्या उघड्या असतात. वास आला की शेजारची काकू ताट घेऊन येते. कृपया तिच्या आधी पोहोचावे.

आपला विद्यार्थी,
दिनेश