आडाच्या पाण्याची बाटली

राजारामपुरीतल्या आमच्या घरामागं आड होता. पाणी इतकं नितळ की गल्लीतल्या बायका खास चहासाठी कळशी भरून न्यायच्या. आणि माझं दोन वर्षांचं पोरगं मात्र दर पंधरवड्याला जुलाबानं बेजार!

डॉक्टर म्हणाले, "आडाचं पाणी तपासून घ्या. तोवर पोराला उकळून द्या." सासूबाई भडकल्या. "तीस वर्षं हेच पितोय की आम्ही! कुणाला काय झालंय? तुझ्याच हातात दोष हाय." मलाही पाण्यात काही दिसत नव्हतं. वास नाही, गढूळपणा नाही. मग खरंच माझ्याच हाताला काही आहे का? दिवसातून दहादा मी हात धुवायचे, तेही त्याच पाण्यानं.

तपासणीची बाटली भरायला बसले. सरकारी ऑफिसात पाणी जाणार, चार शिकलेली माणसं बघणार. परक्याच्या हातात पाणी द्यायचं ते गाळूनच, हे माहेरी चंदगडला अंगात मुरलेलं. म्हणून पोरासाठी उकळून, दुहेरी फडक्यानं गाळून ठेवलेलं पाणीच मी बाटलीत भरलं. वर तुळशीचं पान टाकणार होते, तेवढं राहिलं.

आठवड्यानं कागद आला : पिण्यास योग्य. सासूबाईंनी तो गल्लीभर मिरवला. मला तर काहीच उमजेना. पाणी चांगलं, मग पोरगं आजारी का पडायचं? डोक्याचा नुसता भुगा झाला. तरी म्हटलं, सरकारनंच लिहून दिलंय, रेशनचं रॉकेल उगाच कशाला जाळायचं? उकळणं बंद केलं. चौथ्या दिवशी पोराचे डोळे खोल गेले. दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं.

डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. "पाणी थेट आडातलंच भरलं होतं ना?"

"छे हो, कच्चं कसं देईन? चांगलं उकळून, गाळून दिलं की!"

त्यांनी कपाळाला हात लावला. मग विचारलं, "आडापासून संडासाचा खड्डा किती लांब आहे?"

"दहा पावलं," मी म्हणाले.

पोरगं वाचलं. पण त्या खाटेपाशी बसून मी स्वतःला इतके शिव्याशाप दिले की काय सांगू! तपासणाऱ्यांना, जे ते पिणारही नव्हते, त्यांना मी उकळलेलं पाणी पाठवलं, आणि माझ्या लेकराला कच्चं पाजलं.