सगळ्यांना लिहायला लावणारे आमचे साडू

आमच्या साडूंनी अमरावती-अकोल्यातल्या एकाही मास्तराला सुखानं झोपू दिलेलं नाही. जिल्हा परिषदेची मास्तरकी संपल्यावर माणसं शेत बघतात, नातवंडं खेळवतात. यांनी शिक्षकांना लिहायला शिकवण्याची शिबिरं काढली. त्यांचं म्हणणं साधं आहे: ज्यानं स्वतः कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, त्यानं पोरांना निबंध सांगू नये. या न्यायानं वऱ्हाडातल्या निम्म्या शाळांना कुलूप लागलं असतं, पण साडूंना ती काळजी नाही.

घरच्यांनाही सूट नाही. मी एकदा बँकेतल्या रजेचा अर्ज लिहीत बसलो होतो, तर चष्मा सरसावून म्हणाले, "प्रकृती अस्वास्थ्य म्हंजे काय? काय दुखून राह्यलं ते लिहा न." मी भोळेपणानं लिहिलं, की काल रोडग्यांच्या पंगतीत जरा जास्तच झालं. साहेबांनी रजा नाकारली, वर अर्ज सगळ्या स्टाफला वाचून दाखवला. साडू मात्र खूश. माझं हे पहिलंच वाचण्यासारखं लेखन, असं ते सासुरवाडीत सांगत सुटले.

मागच्या हिवाळ्यात त्यांना तेल्हाऱ्याच्या शिबिराला माझ्या गाडीनं न्यावं लागलं. विषय होता 'माझी शाळा'. थोड्या वेळानं झाडून सगळ्या शिक्षकांनी लिहून दिलं, की आमची शाळा निसर्गरम्य परिसरात वसलेली आहे. त्यातल्या एका शाळेच्या एका अंगाला कापसाचं जिनिंग आणि दुसऱ्या अंगाला बसस्टँडची मुतारी होती, ती मी येताना पाहिली होती. पण त्यांना तरी काय बोलावं? आपल्याकडे निबंध मास्तर फळ्यावर लिहितात आणि पोरं उतरवून घेतात. त्यामुळे अख्ख्या वर्गाची आई एकच असते. साडूंनी सगळे कागद परत केले.

तेव्हा मागच्या बाकावरच्या एक बाई उठल्या. "सर, आमी लिहितो जी. पन आधी तुमी लिहा आन् वाचा."

वर्ग गालात हसला. मग माझ्या ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत साडूंनी स्वतः लिहिलेली एक ओळ मी पाहिली नव्हती. आता नाही लिहिलं तर त्यांचं शिबिर तिथंच संपणार होतं, आणि हे त्यांनाही कळलं होतं. ते मुकाट्यानं कागद घेऊन बाकावर बसले. चहा आला, निवून गेला. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती.

शेवटी ते उठले आणि वाचू लागले. नोकरीच्या पहिल्या वर्षी, चांदूर बाजारजवळच्या शाळेत, एका मुलीनं 'माझे बाबा' या निबंधात लिहिलं होतं, की बाबा घरी आले की आम्ही बोलत नाही. मग त्यांनी पाणी पिऊन पुढचं वाचलं: "मी ते वाक्य खोडलं. फळ्यावर लिहिलं, बाबा आमच्यावर खूप प्रेम करतात. तिनं ते सुंदर अक्षरात उतरवून घेतलं. मी खाली 'छान' लिहून सही केली."

त्याच बाईंनी हळूच विचारलं, ती पोरगी आता कुठं असते.

"मालूम नाही," साडू म्हणाले. "मी तिले तवाबी इचारलं नाही, काहून बोलत नाही म्हून."

मला त्यांची फार माया आली, आणि ती कशी दाखवावी हे काही सुचेना. कोणी न सांगता सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि लिहायला सुरुवात केली. साडू कागद हातात धरून तसेच उभे होते. बसायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.