मिसेससाठी अर्धं बदक

प्रतापराव सरनोबत खोटं बोलण्यात अगदीच कच्चे. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात रमी खेळायला बसले, तर हातातली पानं त्यांच्या चेहऱ्यावर वाचता यायची. मोटारींचे ब्रेक तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. ब्रेक लागतो किंवा लागत नाही, मधलं काही नसतं, हा त्यांचा एकूणच खाक्या. अशा माणसाने एका साध्यासुध्या खाणावळवाल्याला चार वर्षं थाप मारली आणि ती पचवली, हे कोणाला सांगूनही पटलं नसतं.

ती खाणावळ तिथून अर्ध्या तासावरच्या मॅडिसन हाइट्सला, टायरच्या दुकानाला खेटून. हाँगकाँगकडच्या लाउ नवराबायकोची. दर्शनी काचेत भाजलेली बदकं माना टाकून टांगलेली असत, आणि त्यांच्यामागे लाउ जाड ओंडक्यावर सुरा आपटत उभे. मालकीणबाई गल्ल्यावर. प्रतापरावांना तिथे पहिल्यांदा ओढून नेलं ते त्यांच्या बायकोने, मृणालिनीबाईंनी. त्या साताऱ्याच्या, खाण्याच्या बाबतीत निर्भीड. प्रतापरावांना मटणापलीकडे काही ठाऊक नव्हतं, आणि काचेतल्या त्या माना पाहून त्यांचा चेहरा उतरला होता. पण कुरकुरीत कातडीचा पहिला तुकडा तोंडात गेला आणि गडी कायमचा बाद झाला. तेव्हापासून दर रविवारी मुलीला, अदितीला, मराठी शाळेतून उचललं की गाडी तिकडे लागायची. नूडल्सचे वाडगे आणि अर्धं बदक, हे ठरलेलं.

मृणालिनीबाईंच्या पर्समध्ये ठेच्याची डबी असे. वाफाळत्या सूपमध्ये त्या चमचाभर ठेचा सोडायच्या. लाउंनी एकदा ती डबी हुंगली, बोट बुडवून चाटलं, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि पुढच्या रविवारी स्वतःसाठी ठेचा मागितला. मग त्यांची डबी वेगळी जाऊ लागली. दोघांच्या इंग्रजीचा एकमेकांना फारसा उपयोग नव्हता, पण तिखटावर त्यांचं छान जमलं. अदिती मोठी झाली, नोकरी धरून दूर अल्फारेटाला गेली, तरी आईबापांचा रविवार चुकला नाही.

मग मृणालिनीबाईंना रक्ताचा कॅन्सर निघाला. प्रतापराव काही देव देव करणारे नव्हेत. पण घाबरलेला माणूस आईच्या वळणावर जातो, आणि त्यांची आई अडीअडचणीला आपल्या आवडीचं काहीतरी सोडायची. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून ते अंबाबाईला नवस बोलले, ही बरी होईपर्यंत मी बदक शिवणार नाही. अंबाबाईला बदकाचा नवस याआधी कोणी बोललं असेल असं वाटत नाही. पण त्या घडीला त्यांना त्याहून आवडतं काही आठवलं नाही, आणि देवीशी चालबाजी करायची नव्हती. कोणाला सांगितलं नाही. बदक का सोडलं, असं अदितीने विचारलं तेव्हा कोलेस्टेरॉलवर ढकललं.

मृणालिनीबाई बऱ्या झाल्या नाहीत. पाचेक महिन्यांत गेल्या.

तेरावा झाला, अदिती परत गेली, आणि आलेल्या रविवारी गाडी आपोआप तिकडे वळली. लाउंनी सुऱ्यावरून नजर न काढता विचारलं, मिसेस कुठे? प्रतापरावांच्या तोंडून निघून गेलं, "घरी आहे. बरं नाही, विश्रांती घेतेय." खोटं बोलायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. खरं तोंडातून बाहेर पडत नव्हतं, एवढंच. लाउंनी मान डोलावली, अर्धं बदक डब्यात भरलं आणि मिसेसला द्या म्हणाले.

तिथून ते सुरू झालं. प्रतापराव एकटे बसून भाजीचे नूडल्स खायचे, लाउ मिसेसची चौकशी करायचे, आणि निघताना मिसेससाठी अर्धं बदक बरोबर यायचं. नवस असल्यामुळे ते त्याला हात लावत नसत. डबा शेजारच्या नकुलकडे जायचा. तो एकटा राहणारा इंजिनिअर, मिळेल ते खुशीत खायचा. लाउंना ठेचा लागायचा, म्हणून जन्मात चहापलीकडे काही न केलेला हा माणूस मिरच्या भाजायला शिकला. मिसेसचा हात खारट झालाय, असं लाउ एकदा म्हणाले, तेव्हा पुढच्या खेपेला प्रतापरावांनी मीठ कमी केलं. बायकोच्या नावाला बट्टा लागलेला त्यांना चालणार नव्हता.

हे वेडेपण आहे, हे त्यांना कळत होतं. पण नोव्हायमध्ये मृणालिनीबाई गेलेल्या होत्या. फोटोला हार होता, काका एकटे पडले म्हणून लोक भाजीआमटी आणून देत होते. त्या एका खाणावळीत मात्र त्या अजून आजारी होत्या, बऱ्या होण्याच्या वाटेवर होत्या. नवसही तिथेच चालू होता. बदक खाल्लं की नवस मोडला, आणि मोडला म्हणजे ती आता बरी होणार नाही हे कबूल केलं. तेवढं त्यांना करवत नव्हतं.

यंदा मार्चमध्ये लाउंनी सांगितलं, खांदा गेला, सुरा उचलत नाही. मुलगा कॅलिफोर्नियात बोलावतोय. पुढचा रविवार शेवटचा.

त्या रविवारी प्रतापराव पोचले तेव्हा काचेतले बदकं टांगायचे आकडे रिकामे झाले होते. लाउंनी एक बदक मागे राखून, डब्यात घालून बांधून ठेवलं होतं. या वेळी अर्धं नाही, अख्खं, मिसेससाठी. मालकीणबाई गल्ल्यामागून बाहेर आल्या. मिसेसना किती वर्षांत पाहिलं नाही, निदान आवाज तरी ऐकू दे, फोन लावून द्या, म्हणाल्या.

प्रतापरावांनी खिशातून फोन काढला. मृणालिनीबाईंचा नंबर त्यांनी पुसला नव्हता. झोपली असेल, असं म्हणता आलं असतं, आणि या भल्या माणसांनी तेही मानलं असतं. मग लाउ कॅलिफोर्नियात जाणार, आणि तिथल्या कुठल्याशा घरात मृणालिनीबाईंची आठवण निघाली की त्या कायम अंथरुणावर पडलेल्याच असणार. हा विचार त्यांना सोसवला नाही. इतकी वर्षं बिचारीला आपण आजारी ठेवलं, आता पुरे.

"ती नाही," ते म्हणाले. "चार वर्षं झाली."

मालकीणबाई जवळच्या खुर्चीत बसल्या. लाउंनी ओंडका पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. प्रतापरावांना वाटलं, आता हे संतापणार, आणि संतापले तर त्यात चूक काही नाही. पण लाउंनी विचारलं ते वेगळंच.

"मग बदक कोण खात होतं?"

शेजारचा मुलगा, प्रतापरावांनी सांगितलं. मग तुम्ही का नाही, असं लाउंनी विचारलं, तेव्हा त्यांची पंचाईत झाली. नवसाला इंग्रजीत शब्दच सापडेना. देवीला वचन दिलं होतं, ती बरी होईपर्यंत खाणार नाही, असं त्यांनी कसंबसं सांगितलं. मालकीणबाईंनी ते नवऱ्याला आपल्या भाषेत पुन्हा समजावलं. मग लाउंनी बांधलेल्या डब्याची गाठ सोडली.

"आता ती आजारी नाही," ते म्हणाले, आणि दुखऱ्या खांद्यानेच सुरा उचलला.

बदक समोर आलं, नूडल्सही आले. प्रतापरावांनी एक तुकडा उचलला आणि हातात तसाच धरून ठेवला. अंबाबाईला काय सांगावं, हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी तिला काहीच सांगितलं नाही. मृणालिनी गेली, एवढंच ते हळू आवाजात मराठीत म्हणाले. लाउ समोर बसले होते, त्यांना अर्थातच कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. प्रतापरावांनी तुकडा तोंडात घातला. चव तीच होती. तेराव्यालासुद्धा त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं नव्हतं. आता ते थांबेना, आणि पुसायलाही न थांबता प्रतापराव जेवत राहिले.