साक्री तालुक्यातला जपान

चीन आणि जपान हे दोन्ही देश साक्री तालुक्यात आहेत असं मनापासून मानणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या ताईचा दीर निघाला. दीपनगरच्या वीजकेंद्रात दोघे भाऊ नोकरीला, क्वार्टर एकच. भुसावळच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं म्हणून मी ताईकडे राहायला गेलो, तर पहिल्याच संध्याकाळी या गृहस्थांनी वही उघडून मला विचारलं, "पाव्हना, तू तलवारवाला व्हशी का लाठीवाला?" मी म्हटलं, मी सायन्सवाला आहे. त्यांनी वहीत 'लाठी' लिहून टाकलं. वय तिशीच्या आतबाहेर, पण सगळी कॉलनी त्यांना नानाच म्हणायची.

भानगड अशी होती की, कुठलंसं यंत्र बसवायला आलेला एक गोरा इंजिनिअर जाताना गेस्टहाऊसवर एक फाटकं पुस्तक आणि वीस तोंडांचा एक फासा विसरून गेला. पुस्तक खेळाचं होतं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं, 'मी दार फोडतो', 'मी पळतो' असं काय ते बोलायचं, आणि फासा टाकून दार फुटलं का ते बघायचं. नानांनी डिक्शनरी घेऊन अख्खं पुस्तक वाचलं, आणि त्यांना ते अजिबात आवडलं नाही. किल्ले, लोखंडी चिलखतं, घोड्यावर बसवायलाच चार माणसं लागतील असले सरदार. "हाऊ उन्हाळामा भाजी निघी," म्हणजे हा उन्हाळ्यात भाजून निघेल, एवढा एकच शेरा मारून त्यांनी सगळ्या सरदारांना रजा दिली.

कारण नानांचे देव वेगळे होते. ते भुसावळच्या व्हिडिओ सेंटरात राहत. मारामारीच्या चिनी-जपानी कॅसेटी तिथे लागायच्या, इतक्या घासलेल्या की पडद्यावर निम्मा वेळ पाऊसच पडायचा, आणि आवाजाच्या नावाने नुसती खरखर. मग नाना उभे राहून सगळ्यांचे संवाद स्वतः म्हणायचे, आणि तेही त्यांच्या साक्रीकडच्या गावच्या अहिराणीत. पांढऱ्या दाढीचा गुरू शिष्याला काठीने बडवतोय आणि मागून आवाज येतोय, "आठे ये, तुले दखाडस!" लोक पुन्हा पैसे देऊन बसत. मी एकदा म्हटलं, नाना, चिनी माणूस अहिराणी कसा बोलेल? तर म्हणाले, "इंग्रजी बोलना ते तुले चालस. मंग अहिराणीनी काय घोडं मारं?"

तर नानांनी पुस्तकातल्या किल्ल्यांचे पॅगोडे केले, सरदारांचे सामुराई केले, जादूगाराला दाढी ठेवून डोंगरावर बसवलं. जखम भरून काढणाऱ्या औषधाच्या जागी कळण्याची भाकरी आणि ठेचा आला. रोज संध्याकाळी आम्ही चौघं जमायचो: मी, शेजारच्या क्वार्टरमधली दोन भावंडं आणि नागपूरहून बदलून आलेल्या साहेबांचा मुलगा. वीराच्या अंगातल्या शक्तीला चिनी भाषेत 'ची' म्हणतात, हे नानांनी कुठूनतरी मिळवलं होतं. त्यावरून रोज वाद.

"तुनी ची सरनी."

"माझी काय सरली?"

"ची."

"अहो, पण कशाची?"

एवढ्यात ताई आतून ओरडायची, "साखर सरली आहे, कोणी आणणार आहे का?"

सगळ्यात मजा नागपूरकराची. खेळातल्या डोंगरावरच्या गुरूला काहीही विचारा, खजिना कुठे आहे, वाट कुठे आहे, त्याचं उत्तर एकच असे, "बठ्ठं आठेच शे." म्हणजे सगळं इथेच आहे. आम्हाला कळत होतं. नागपूरकराला वाटलं, हा अस्सल जपानी मंत्र. त्याने तो पाठ केला. पुढे त्याच्या वडिलांची परत बदली झाली, आणि तिकडे कराटेच्या क्लासात हा पठ्ठ्या प्रत्येक ठोशाला 'बठ्ठाटेशे!' ओरडतो आणि आता सगळा क्लासच ओरडतो, असं त्याचं पत्र आलं. नानांनी ते पत्र सहीशिक्क्याच्या सरकारी कागदासारखं जपून ठेवलं.

पण तेव्हापासून आमचा एक गडी कमी झाला, आणि नानांना खरी काळजी लागली. त्यांची जन्माची इच्छा एकच होती, ही गोष्ट एकदा तरी शेवटापर्यंत न्यायची. शेवट त्यांनी एका कागदावर लिहून बिस्किटांच्या डब्यात ठेवला होता. शेवटच्या डोंगराआधी एक पूल, पुलावर एक सामुराई. त्याला हरवलं की पलीकडे गुरूचं घर, आणि मग डबा उघडायचा. पण कॉलनी म्हटली की बदल्या आल्या. कधी परीक्षा आडवी यायची, कधी कुणाचे पाहुणे. दोन वर्षांत आम्ही त्या पुलापर्यंत सुद्धा पोचलो नाही.

मध्येच नानांचं लग्न ठरवायचं निघालं. मुलगी साक्रीकडच्या एका शाळेत मास्तरीण, बघायचा कार्यक्रम धुळ्याला, देवपुरात तिच्या मामांकडे. "तिथे जपान काढू नका," असं ताईने बसमध्ये दहा वेळा बजावलं होतं. पोहे झाले, चहा झाला, मामा म्हणाले, विचारा काय विचारायचं ते. नाना घसा खाकरून म्हणाले, "पूल शे. पुलवर सामुराई शे, हातमा नंगी तलवार शे. तुमी काय करशात?"

ताईने डोळे मिटून घेतले. मामा हळूच माझ्या कानाशी आले. "हे सामुराई कुठले हो? आपल्यात सोयरीक होते का त्यांच्याशी?"

मुलीने मान वर केली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "पहिले इचारसू, जेवना का भाऊ?"

नाना जे बघत राहिले ते राहिलेच. हा प्रश्न त्या पुस्तकात नव्हता आणि एकाही कॅसेटमध्ये नव्हता. लग्न मार्गशीर्षात झालं.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारची भावंडंही गेली. मी एकटाच उरलो, आणि माझंही पुण्याला ठरलं. निघायच्या दिवशी नानांनी मला घाईघाईने पुलावर आणून उभं केलं. सोळाच्या वर पडलं तर सामुराई हरणार. मी फासा टाकला, तो घरंगळत कपाटाखाली गेला, आणि बाहेर भाऊजींनी स्कूटरचा हॉर्न वाजवला. "राहू दे," नाना म्हणाले, "परत उना का दखसूत." मी ती गोष्ट पुण्यात पंधरा दिवसांत विसरलो. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

सहा वर्षांनी नोकरी लागल्याचे पेढे घेऊन गेलो. नानांच्या कानांवर पांढरं आलं होतं. व्हिडिओ सेंटर बंद पडून तिथे चपलांचं दुकान निघालं होतं. मास्तरीण वहिनींनी पेढा हातात घेतला आणि म्हणाल्या, "पहिले ते कपाट सरकवा बरं. सहा वरीस झायात, माले तठे झाडू लावू देत नहीत."

आम्ही दोघांनी कपाट सरकवलं. धुळीच्या गादीवर फासा बसला होता. नाना गुडघ्यांवर बसले, बोट न लावता त्यांनी आकडा वाचला, आणि त्यांचा चेहरा पडला. तीन.

एवढ्यात वहिनी म्हणाल्या, "तीन ऱ्हाऊ द्या. इतला वरीस त्या सामुराईले मी रोज भाकर देस. तो आते काबर लढी?"

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नियमात बसतं का, हे त्यांनी क्षणभरही तपासलं नाही. "तो बाजूले सरकना," ते म्हणाले. "जाय पाव्हना." आणि उठून त्यांनी तो बिस्किटांचा डबा काढला. झाकण गंजलं होतं, चमच्याने उचकटावं लागलं. आतला पिवळा कागद त्यांनी गुरूच्या आवाजात वाचायला घेतला. गुरूच्या घरात चार पाट मांडलेत, चार ताटं वाढलीत, गुरू दारात येऊन उभा राहिलाय. इथवर आवाज ठीक होता. पुढे एकच ओळ उरली होती, आणि ती वाचताना नाना अडखळले.

"बठ्ठा उनात का रे?"

तीन पाट रिकामे होते. नानांनी कागदावरून डोळे वर केले नाहीत. सगळे आले का, असं गुरूने विचारलंय म्हटल्यावर उत्तर मलाच द्यायला हवं होतं. मी रावेरकडचा, केळीच्या मुलखातला, आमची बोली वेगळी. दोन वर्षं त्या घरात राहूनही अहिराणीचा एक शब्द कधी बोललो नव्हतो. वाटेत आहेत, येतायत, हे त्या दिवशी त्याच बोलीत बोललो.

"यी राहिनात, नाना."