चिक्कडपल्लीचा स्टॉप

हैदराबादला जायचं ठरलं ते मुलीमुळे. तिची दहावीची परीक्षा संपली होती. वर्गातल्या मैत्रिणी कुणी केरळला, कुणी गोव्याला निघाल्या होत्या, आणि आम्ही नवीन घराच्या हप्त्यांत असे अडकलो होतो की गेले दोन उन्हाळे परभणीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. शेवटी नवरा म्हणाला, "हैदराबाद करू. जवळ आहे, मोठं शहर आहे, आणि हिशोबात बसतं." रात्रीच्या गाडीने जायचं म्हणजे लॉजचं एका दिवसाचं भाडं वाचतं. सिकंदराबाद स्टेशनच्या मागे कूलरची खोली घ्यायची. सकाळचं खाणं घरून न्यायचं. मी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, लाडू बांधले. पोरगी खुश होती.

एका गोष्टीबद्दल मात्र आम्ही दोघं बोलत नव्हतो. माझी सख्खी आत्या हैदराबादला, चिक्कडपल्लीत राहते. लहानपणी मे महिन्याच्या सुट्ट्या मी तिच्याकडेच काढल्या. दखनी उर्दू मी तिथेच शिकले, तिच्या गल्लीत, दारावर येणाऱ्या भाजीवाल्यांशी तिला भांडताना ऐकून. तिचे यजमान, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, दिवाळीनंतर वारले. तेव्हा मी फोन केला आणि म्हणाले, "आत्या, शाळेतून रजाच मिळत नाही गं." ती म्हणाली, "असू दे, नोकरी आहे." रजा मिळाली असती. मी मागितलीच नव्हती. नुकतीच वास्तुशांत झाली होती, हात रिकामा होता, आणि भेटायला जायचं म्हणजे दुखवट्याची साडी, मुलाला-सुनेला काहीतरी, जाण्यायेण्याचा खर्च. सवडीने जाऊ, असं म्हणत सहा महिने गेले.

आता त्याच गावाला चारमिनार बघायला जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "आत्याकडे जायचं ना?"

नवरा बॅग भरत होता. मान वर न करता म्हणाला, "गेलो तर दोन दिवस तिथेच जातील. आणि काय म्हणून जाणार? फिरायला आलो होतो, म्हणून भेटलो? त्यांना ते बरं वाटेल?"

मला पटलं. खरं म्हणजे त्याने मला हवं तेच सांगितलं होतं.

पहाटे उतरलो. लॉजवर अंघोळी केल्या, दशम्या खाल्ल्या आणि चारमिनारकडे जाणाऱ्या सिटी बसमध्ये चढलो. नवरा मागे पुरुषांत उभा राहिला, मी आणि मुलगी पुढे. तेलंगणात बायकांना बस फुकट आहे हे त्याने आधीच वाचून ठेवलं होतं. फक्त तिथला पत्ता असलेलं आधार दाखवावं लागतं. स्टॉपवर तो मला म्हणाला होता, "तू तिथली भाषा बोलतेस. गर्दीत कोण कार्ड मागतंय? झिरो तिकीट म्हण आणि मोकळी हो."

चिक्कडपल्लीच्या अलीकडे मी उगाच मान खाली घातली. स्टॉपवर बायकांचा एक घोळका चढला आणि बस गच्च झाली. त्याच गर्दीत कंडक्टरबाई माझ्यापाशी आल्या.

"चारमिनार. दो झिरो," मी म्हणाले.

"आधार दिखाव अम्मा."

"घर पे रह गया अम्मा. रोजीच तो जाती मैं इस बस में."

शब्द सहज आले, हेल सुद्धा. मला स्वतःलाच त्याचं बरं वाटलं.

"रोज जाते तो रोज लाना पडता ना," त्या म्हणाल्या. "फोन में है क्या देखो."

तेवढ्यात माझी मुलगी मदतीला धावली. तिने माझ्या पर्सची चेन उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, आहे की कार्ड. हे बघ ना, तूच तर घेतलं होतंस."

कंडक्टरबाईंनी कार्ड बघितलं. "परभणी. ये तो महाराष्ट्र का है अम्मा. नै चलता. टिकिट लेलो." रागावल्या नाहीत. दोन तिकिटं फाडली आणि पैसे घेऊन पुढे सरकल्या. शेजारच्या दोघी बायका तोंडावर पदर धरून हसल्या. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला कळलं नव्हतं, आणि मग तिला कळलं. तिचा चेहरा बदलताना मी पाहिला.

त्या चेहऱ्यावरून नजर काढायला म्हणून मी पुढे पाहिलं. दरवाज्याजवळच्या दांडीला धरून आत्या उभी होती.

फिकट साडी, हातात कापडी पिशवी, कपाळ मोकळं. कुंकवाशिवाय मी तिला कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखायला क्षणभर लागला. ती माझ्याकडेच बघत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने मान फिरवली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. पुढचा स्टॉप नारायणगुडा. तिथे ती उतरली. एका स्टॉपसाठी कुणी बस धरत नाही. बस सुटली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. ती कडेकडेने आल्या दिशेने परत चालली होती. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते, तरी ऊन भाजत होतं.

"कोण होत्या त्या?" मुलीने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले.

त्या दिवशी आम्ही चारमिनार पाहिला, वर चढलो, खालच्या बाजारात हिंडलो, दुपारी वस्तुसंग्रहालयातही गेलो. मला त्यातलं काही आठवत नाही. तिकिटाच्या रांगेत मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गर्दी होती. त्यांनी तुला पाहिलं नसेल."

"पाहिलं."

रांग सरकली तसा तो दोन पावलं पुढे झाला. मग म्हणाला, "झिरो तिकिटाचं मीच डोक्यात घातलं तुझ्या." त्याने ते म्हणायला नको होतं. मला त्याच्यावर चिडायचं होतं, तेवढीही सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी गोवळकोंड्याला जायचं होतं. मी म्हणाले, तुम्ही दोघं जा, मी चिक्कडपल्लीला जाते. पण तिघेही तिकडेच गेलो. वाटेत नवऱ्याने गाड्यावरून आंबे घेतले, निवडून, चांगले.

घर तेच होतं, तळमजल्याचं. आत्येभाऊ आणि वहिनी कामावर गेले होते. दार आत्यानेच उघडलं. तिने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"अगं बाई, या. कधी आलात?"

मी श्वास घेतला. माझ्या आधी नवरा बोलला, "आजच. पहाटे उतरलो."

"बरं झालं. दमला असाल, बसा," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. तिच्या चालण्या-बोलण्यात कालचं कुठे काही नव्हतं. भिंतीवर मामांचा फोटो होता. मी त्याला नमस्कार केला आणि तिथेच उभी राहिले, कारण वळलं की मुलीशी नजरानजर होणार होती.

आत्या पाणी घेऊन आली, मुलीजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "किती मोठी झाली ही. हैदराबाद पहिल्यांदाच ना बाळा? चारमिनार बघितलास का?"

माझी मुलगी खोटं बोलत नाही. लहानपणापासून हा आमच्या घरातला कौतुकाचा विषय होता. तिने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "नाही आजी. अजून नाही बघितला."

बसमध्ये वाटली नव्हती इतकी लाज मला त्या वाक्याची वाटली. एका दिवसात ती शिकली होती. आमच्याचसाठी शिकली होती.

"मग मी दाखवते," आत्या म्हणाली. "ऊन उतरलं की निघू. आधी जेवा."

तिने खट्टी दाळ केली, भात टाकला, वांगी तळली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "बस गं उगी. घाई कायकू करतीस?" संध्याकाळी तिने रिक्षा केली. "बसला फार गर्दी असते," एवढंच म्हणाली. पैसे नवऱ्याला देऊ दिले नाहीत.

अशा रीतीने आम्ही दुसऱ्यांदा चारमिनारपाशी उभे राहिलो आणि पहिल्यांदा बघत असल्यासारखा चेहरा केला. आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून ती खाली थांबली. नवरा आणि मुलगी वर गेले. त्यांना वाट सापडत नसल्यासारखं आधी थोडं इकडेतिकडे बघावं लागलं. मी आत्याजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

"आत्या, आम्ही आज नाही आलो."

"ठाऊक आहे."

"काल बसमध्ये..."

"हौ. मीच होते." ती बाजाराकडे बघत होती. "तुझा आवाज ऐकला आधी. म्हटलं, ही आपल्या गल्लीतली कोण बोलतीय? बघते तर तू."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुझं तोंड बघितलं ना मी. तेव्हा हाक मारली असती तर जन्मात माझ्या दारी आली नसतीस."

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "राग आला नाही असं समजू नको. काल घरी जाऊन मी जेवले नाही. सुनेला सांगितलं, पित्त झालंय. मामा गेले तेव्हा सगळे विचारायचे, तुमची भाची नाही आली? ह्यांनी तिला किती खेळवलं. मी सगळ्यांना सांगायची, नोकरी आहे तिची, रजा देत नाहीत. भांडले सुद्धा एकीशी त्यावरून. काल वाटलं, आपण उगी भांडलो."

"पैशाची ओढाताण होती गं," मी म्हणाले. "रिकाम्या हाताने कसं यायचं असं वाटलं."

"मग तसं सांगायचं. मी काय साडीची वाट बघत बसले होते?" तिचा आवाज चढला, मग उतरला. "मामा विचारत होते तुला. शेवटी शेवटी. ते आता तुला सांगू नये, पण सांगते."

समोर एक माणूस बांगड्यांचे डबे गाड्यावर रचत होता. आम्ही दोघी तिकडे बघत राहिलो. मग वरून आमची दोघं उतरून आली. मुलगी म्हणाली, "छान दिसतं वरून," आणि आत्या म्हणाली, "दिसतं ना?"

तिने मुलीला लाखेच्या बांगड्या घेतल्या. मी नको म्हटलं नाही. नको म्हणायचा हक्क मला राहिला नव्हता.

लॉज सोडून आम्ही ती रात्र तिच्याकडे काढली. आत्येभाऊ आणि वहिनी आले, आंबे कापले, गप्पा झाल्या. आम्ही कधी आलो हे पुन्हा कुणी विचारलं नाही. म्हणजे आत्याने आधीच काहीतरी सांगून ठेवलं असणार. दुसऱ्या दिवशी निघताना तिने माझी ओटी भरली. ती स्वतः बाजूला उभी राहिली आणि वहिनीच्या हातून भरवली. ते बघणं मला जड गेलं.

परतीच्या गाडीत नवरा झोपल्यावर मुलीने हळूच विचारलं, "आई, मी त्या आजींना नाही म्हटलं ते बरोबर केलं का गं?"

मी म्हणाले, "नाही. चूक आमची होती. तू का खोटं बोललीस?"

"मग काय बोलायचं होतं?" ती म्हणाली. "बसमध्ये मी खरं बोलले होते."

मी तिचा हात धरायला गेले. तिने धरू दिला, पण मान खिडकीकडे वळवली. बाहेर अंधार पडत होता, शेतं मागे जात होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, लाडू उरलेत का. मी डबा काढून तिच्या हातात दिला.