धुऱ्यावरचे दोन दगड

अन्याय झाला तो एका गोंड विधवेवर. २००९ च्या मे महिन्यात, तेंदूपत्त्याचा हंगाम चालू असताना, भर दुपारी, तिच्याच बांधीत. करणारे दोघं होतो. एक पाहणीला आलेला वनखात्याचा साहेब, दुसरा मी.

सालेकशाच्या पुढं, डोंगरातल्या तिच्या टोल्यावर, लहानशा पाड्यावर, मी दीड वर्ष राहिलो. पिशवीत पत्रकं घेऊन, वनहक्काचे दावे भरून द्यायला गेलो होतो. तिच्या पडवीत झोपायचो, तिच्या हातची आंबील प्यायचो, तिला माय म्हणायचो. माझी पत्रकं उलटसुलट करून ती म्हणायची, "एवढा कागद! याच्यात भात शिजते का गा?"

जंगलाला लागून तिची धानाची बांधी होती. सासऱ्यानं अन् नवऱ्यानं दगडधोंडे उपसून केलेली. कागद एकही नाही. होते ते धुऱ्यावर, शेताच्या कडेला, उभे केलेले दोन दगड, एक सासऱ्याचा, एक नवऱ्याचा. मेलेल्या माणसाचा दगड उभा केला की तो दूर जात नाही, घरच्यांजवळच राहतो, असं त्या टोल्यावर मानत. माय तिथं पानावर भात ठेवायची अन् नवऱ्याशी बोलत बसायची. बैल लंगडून राहिला, कुंपण मोडलं, असलंच काहीबाही. मी जवळ गेलो की म्हणायची, "सरक गा, त्याच्या बसाच्या जागी उभा हायेस." मी हसत सरकायचो.

तिच्या दाव्याच्या पाहणीच्या आदल्या दिवशी मला वाटलं, नुसत्या दगडावरून साहेबाला काय कळणार? पुरावा कसा डोळ्यांत भरला पाहिजे! पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणला अन् दोन्ही दगडांवर नाव, नातं, साल ठळक रंगवलं. पत्रकाचा मथळा काढावा तसं.

माय पानं तोडून आली. डोक्यावरचा भारा उतरवलाही नाही.

"त्याच्या आंगावर कायले लिहून राहिला?"

"पुरावा होते माय. जमीन वाचल तुही."

"त्याले इचारलं का?"

मी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. दुसरा दगड अर्धा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबानं नखानं अक्षर खरवडलं. रंग नखात आला. "कल का काम है," तो सोबतच्या माणसाला म्हणाला. मग मायकडं वळून, "क्यों माई, रातोरात मरद गाड दिया क्या?" सोबतचा खदखदून हसला. टोल्यावरचे दोन म्हातारे पुढं झाले. कोणी कुठं खणलं, बांध कोणत्या पुरात फुटला, सारं सांगू लागले. साहेबानं एक शब्द लिहून घेतला नाही. दावा नामंजूर. कारण: पुरावा बनावट.

म्हाताऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं की कायद्यानं तोही पुरावाच. हे माझ्याच पत्रकात छापलेलं होतं. गावोगाव वाटलं मी ते, अन् वेळ आली तेव्हा विश्वास ठेवला रंगाच्या डब्यावर.

रॉकेलनं दगड घासले. अक्षरं पुरती निघाली नाहीत, छिद्रांत जाऊन बसली. पाऊस पडला की वर यायची, फिकी, आजाऱ्याच्या नखांसारखी. त्या साली वनखात्यानं तिला बांधीत धान लावू दिलं नाही. माय तरी भात ठेवायला जायची, पण बोलायची नाही. विचारलं तर म्हणाली, "कोणासंग बोलू? तो गेला ना उठून."

मी मुद्दाम जाऊन त्या जागी उभा राहिलो. तिनं सरक म्हटलं नाही. नुसतं माझ्याकडं पाहिलं, जसं मोकळ्या जागेकडं पाहावं.

आता सभेत घोषणा द्यायला तोंड उघडलं की आधी तेच ऐकू येतं, त्याले इचारलं का?

तिचं अपील अजून पडून आहे. तुमच्या गावातही असे दावे पडले असतील. हे वाचून हळहळू नका, हळहळीनं बांधी परत येत नाही. येत्या ग्रामसभेत उभे राहा. प्रत्येक नामंजूर दाव्याचं कारण मोठ्यानं वाचायला लावा. म्हातारी माणसं सांगतील ते तिथंच, त्यांच्यासमोर, शब्दन्‌शब्द लिहून घ्या, अन् खाली साक्षीदार म्हणून तुमची सही करा.