समोरून येणारं विमान

कामठ्याच्या रस्त्यालगत, धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत एक तरुण रोज सकाळी रिमोटवर थर्माकोलचं विमान उडवायचा. पावसाळाभर खपून त्यानं ते स्वतः बनवलं होतं. विमान वर गेलं की त्याच्याही टाचा नकळत उचलल्या जायच्या.

एकदा मी जवळ जाऊन बघत राहिलो.

"येते का उडवता?"

"येते," मी खोटंच सांगितलं.

त्यानं रिमोट माझ्या हाती दिला. विमान दूर जाऊन वळलं आणि माझ्याकडे येऊ लागलं. मी दांडी उजवीकडे सरकवली, ते भलतीकडेच गेलं आणि शेताच्या धुऱ्यावर आपटून मोडलं.

"हवा आली," मी म्हणालो. गवताचं पातंही हलत नव्हतं.

तुकडे वेचत तो म्हणाला, "असंन, भाऊ. पण समोरून येऊन राहिलं का डावं-उजवं उलटं होते. मंग पाठ करून खांद्यावरून पाहा लागते."

आता तिथं नवं विमान फिरतं. ते उडवणाऱ्या त्या तरुणापर्यंत जायचं धाडस मला होत नाही. मी रस्त्यावरच गाडी थांबवतो. विमान माझ्याकडे वळलं की पाठ करतो, खांद्यावरून बघत रिकामे अंगठे हलवतो आणि पुटपुटतो, "हवा नव्हती, भाऊ."